वरकुट्याच्या माळावरचा रामहरी

प्रयागबाई माणसाला भिणारी बाई नव्हती. कोकणात उतरताना घाटात तिला चोर भेटले, तर तिनं त्यांनाच दटावून चुलीला लाकडं आणायला लावली, असं तिचा नवरा अप्पा सांगायचा. अप्पा गोष्ट फुगवून सांगणारा, पण त्यातलं निम्मं तरी खरं धरायला हरकत नाही. अशी ही धनगरीण स्वराज्य आल्यावर तिसऱ्या वर्षी, जेठ महिन्यात, दोनशे मेंढरं, तीन कुत्री, एक घोडं आणि एक नवरा घेऊन वरकुट्याच्या माळावर आली आणि ओढ्याच्या वळणावर जागच्या जागी थांबली. झिऱ्याच्या अगदी तोंडाशी कुणीतरी झोपडी घातली होती.

त्या माळाला कालव्याचं पाणी कधी शिवलं नव्हतं. नजर जाईल तिथवर कुसळी गवत, मुरूम आणि मधूनच एखादी बोराटी. ओढा होता, पण नावापुरता. फक्त एका वळणावर काळ्या खडकाच्या पोटातून पाणी पाझरायचं आणि दोन माणसं मांडी घालून बसतील एवढ्या खड्ड्यात साठायचं. तोच झिरा. साऱ्या माळावर दुसरं पाणी नाही. दिवाळी झाली की प्रयागबाईचा वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता मुक्काम, कोकणाकडं निघायचा आणि पावसाच्या तोंडाला या माळावर परत यायचा. सासूच्या, आजेसासूच्या वेळेपासून हे असंच चालत आलं होतं.

झोपडीतून एक पोरगा बाहेर आला. तेवीस-चोवीसचा असेल. खादीचा सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं नम्रपणे हात जोडले.

"आपण वाट चुकलात का?"

"कोन? मी?" प्रयागबाईनं कमरेवर हात ठेवले. "आरं पोरा, त्या निंबाच्या बुडाला माझी थोरली झाली. ह्या वाटंनं माझी सासू गेली, तिची सासू गेली. मी वाट चुकतीय व्हय?"

पोरगा गडबडला. "मला वाटलं, इथं कुणी राहत नाही."

"राहत कुनीच न्हाय. येत्यात समदी."

मेंढरांना पाणी पाजून होईपर्यंत तिनं त्याची सगळी कुंडली काढून घेतली. नाव रामहरी. गाव लोणी भापकर. आई लहानपणीच गेलेली, वडील चार एकर जिराईत करून खाणारे. बेचाळीस साली हा पंधरा वर्षांचा होता. रात्रीची पत्रकं वाटायचा, प्रभातफेरीत सगळ्यांच्या पुढं गायचा, दोन महिने एका गंजीत लपूनही राहिला. पुढं बारामतीत मॅट्रिक झाला आणि एका कचेरीत कारकून म्हणून चिकटला. कापडाची आणि साखरेची परमिटं देणारी कचेरी. ज्यांच्याबरोबर तो गाणी म्हणायचा तीच माणसं आता मागच्या दारानं परमिटं न्यायला येऊ लागली. वर्षभर त्यानं बघितलं. मग एके दिवशी साहेबानं एका कागदावर सही करायला सांगितलं, तेव्हा यानं टाक दौतीत ठेवला, टोपी घातली आणि जो चालायला लागला तो या माळावर येऊन थांबला.

"म्हंजे चांगलं काम सोडून आलास," प्रयागबाई म्हणाली.

"काम नाही, लबाडी सोडून आलो. आता पैशाला हात लावणार नाही. कुणाचं काही घेणार नाही, कुणाचं काही देणं लागणार नाही. जे माझे हात मिळवतील तेवढंच खाणार. माणूस जिथं नाही तिथंच नीट जगता येईल, असं वाटतं मला."

हे तो इतक्या सरळ चेहऱ्यानं बोलला की अप्पाला खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवावं लागलं. प्रयागबाई मात्र हसली नाही. तिला राग आला होता.

"कुनाचं काय घेत न्हाईस?" ती म्हणाली. "चल माझ्यासंगं."

तिनं त्याला ओढ्याच्या वाळूतून वर नेलं. झोपडीपासून चाळीसेक पावलांवर ती खाली बसली आणि बोटानं दाखवू लागली. वाळूत खुरांचे ठसे होते. चिंकारा हरणांचे. माळावरून पाण्याकडं सरळ येत होते, तिथं येऊन घोटाळत होते, एकमेकांवर पडत होते आणि मग परत फिरत होते. जरा पुढं खोकडाचे तसेच. त्याच्या अलीकडं लांडग्याचे. सगळे चाळीस पावलांपर्यंत आलेले, सगळे माघारी गेलेले. झोपडीच्या जवळ एकही ठसा नव्हता.

"मी कुणाला हाकललं नाही," रामहरी म्हणाला.

"हाकलावं लागत न्हाय. तुजा वास पुरं हाय, तुजा धूर पुरं हाय. कवापासनं हाईस हितं?"

"चैत्रापासून."

"म्हंजे सगळा उन्हाळा." ती उठली आणि एका बोराटीमागं गेली. तिथं हरणाचं एक पाडस पडलं होतं, वाळून कोळ झालेलं, चारी पाय पोटाशी घेतलेलं. "आमी दोनशे मेंढरं घिऊन फिरतो, पण पाणवठ्यावर मुक्काम करत न्हाय. भर दुपारी यायचं, पाजायचं आन अर्ध्या कोसावर निघून जायाचं. दुपारचं पाणी आपलं. सकाळ-सांजेचं त्यांचं. हे आमच्या बारक्या पोरीला बी ठावं आसतंय. तुमच्या साळंत न्हाय शिकवत?"

रामहरी त्या पाडसाजवळ बसला. पुष्कळ वेळ बसला. आपण फार बोललो असं प्रयागबाईला वाटायला लागलं, पण बोललेलं मागं घेणं तिच्या रक्तात नव्हतं. शेवटी तो उठला, चष्मा पुसला आणि झोपडीचा पहिला वासा उपसला. मैलभरावर खडकाचं एक बोडकं टेकाड आहे, तिथं तो एकेक वासा, एकेक पेंढी खांद्यावर वाहून नेऊ लागला. अप्पानं घोडं देऊ केलं, ते त्यानं घेतलं नाही. दिवस मावळेपर्यंत झिऱ्यावर काही उरलं नाही. चुलीची राखसुद्धा त्यानं फडक्यात भरून नेली आणि जिथं तो झोपायचा तिथली माती उकरून वर ओढ्यातली वाळू पसरली.

"शिकल्याला हाय," अप्पा म्हणाला, "पर कामाचा हाय."

आठव्या दिवशी सकाळी रामहरी धापा टाकत वाड्यावर आला. "मावशी! मावशी, चला!" एवढंच म्हणत होता. काय झालं ते सांगेना. प्रयागबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून गेली. झिऱ्याच्या काठाला ओल्या मातीत, मेंढरांच्या कालच्या खुरांवर, हरणाचा एक ताजा खूर उमटला होता. एकच, ठसठशीत, आणि त्यात साचलेलं पाणी अजून निवळलं नव्हतं. रामहरी त्याच्यापुढं गुडघे टेकून बसला. प्रयागबाईनं असे हजार खूर बघितले होते. त्या दिवशी तिनं ते पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. भाकरी करपली, अप्पा करपलेली भाकरी खाऊन दिवसभर कुरकुरला, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी वाडा परत आला तेव्हा रामहरी टेकाडावरच होता. चांगला वाळला होता आणि उन्हानं काळा ठिक्कर पडला होता. वरकुट्याच्या लोकांना त्याचं कोडं पडलं होतं. एकटा माणूस, माळावर राहतो, कुणाशी बोलत नाही, टेकाडावर सांजसकाळ धूर दिसतो. दारूबंदीचे दिवस. लोकांनी त्याचा बरोबर अर्थ लावला आणि एक दिवस पोलीस जमादार दोन शिपाई घेऊन भट्टी पकडायला आला. त्यांनी टेकाड सगळं दंडुक्यानं ढोसून काढलं. सापडलं काय, तर मडक्यात शिजत घातलेली तांदुळज्याची भाजी. ती जमादारानं चाखूनही बघितली. मिठाचा कण नव्हता. जाताना त्यानं स्वतःच्या डब्यातली मिठाची पुडी रामहरीपुढं धरली, तर या शहाण्यानं ती घेण्याआधी जमादाराच्या घोड्याला खरारा करून दिला.

त्याचा हा हट्ट प्रयागबाईच्या डोक्यात जायचा. तिनं वाटीभर दूध दिलं तर तो वाड्यातल्या लेंड्या गोळा करायचा. घोंगडी दिली तर चार दिवस मेंढरांच्या अंगावरची गोचिड वेचत बसला. "आरं, माणसानं माणसाला दिलं तर फुकाट घ्यावं की कवातरी," ती चिडून म्हणायची. तो नुसता हसायचा. टेकाडामागं त्यानं हातानं दगड वेचून पटकूरभर रान काढलं होतं, त्यात मटकी आणि बाजरी पेरायचा. बोरं वाळवून ठेवायचा. पाणी दिवसातून एकदा, भर दुपारी, एक घागर.

पण त्याला एक विद्या यायला लागली होती. तो स्थिर बसायचा. एखादा धोंडा पडून राहावा तसा तास-दोन तास बसायचा आणि तितर पिल्लं घेऊन त्याच्या पायावरून जायची. त्यानं तिला माळढोक दाखवला. ती जन्मभर त्या माळावर फिरलेली, पण तो पक्षी नाचताना कधी बघितला नव्हता. गळा फुगवून, शेपूट पाठीवर घेऊन तो नवरदेवासारखा ठुमकत होता. प्रयागबाईनं तोंडाला पदर लावला आणि हसत राहिली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी कसं आलं ते तिलाच कळलं नाही. लांडगा म्हणजे धनगराचा भाऊबंद, वर्षाला दोन-चार कोकरं त्याच्या वाटणीची धरायची, ही गोष्ट तिनं रामहरीला सांगितली. त्यानं ती मान खाली घालून, धडा घ्यावा तशी ऐकली.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही.

जेठ गेला, आखाड गेला. ढग यायचे, माळावर सावली पाडायचे आणि पुढं जायचे. गवत उगवलंच नाही, मागच्या वर्षीची कुसळं मेंढरं मुळासकट उपटून खाऊ लागली. कोकणातून नुकता आलेला वाडा परत फिरवायला मेंढरांच्या पायांत बळ नव्हतं. एका झिऱ्याच्या भरवशावर सगळं चाललं होतं आणि झिरा आटत चालला होता. दुपारी मेंढरं पाण्यावर घातली की दोनशे तोंडं खड्डा चाटून कोरडा करायची. मग रात्रभर थेंब थेंब पाझरून उजाडेपर्यंत वीतभर साठायचं आणि दुपारपर्यंत त्याहून थोडं वर. प्रयागबाई रोज काठीनं मोजायची. काठीवरची ओल रोज बोटभर खाली सरकत होती.

याच दिवसांत तिनं रामहरीला कावड घेऊन येताना पाहिलं. बांबूच्या दोन टोकांना रॉकेलचे दोन रिकामे डबे, त्यांत पाणी, वर करंजाचा पाला. वरकुट्याकडून येत होता. बरं झालं, तिला वाटलं, पोरगं झिऱ्याचं पाणी आपल्याला सोडून स्वतःचं गावातनं आणायला लागलं. मनातून तिला जरा लाजही वाटली.

मग एकदा पीठ दळून आणायला ती वरकुट्यात गेली आणि बादशाह मुलाण्याच्या विहिरीवर तिनं वेगळंच बघितलं. गावाबाहेर बादशाहचा दोन बिघे मळा होता. गावचा आड आटला होता, पण बादशाहच्या विहिरीत अजून मोट बुडत होती. थारोळ्यापाशी रामहरी रिकामे डबे घेऊन उभा होता आणि बादशाह मोटेच्या बैलांना थोपवून त्याच्यावर तोंड टाकत होता.

"पुन्यांदा तेच! सकाळच्या पारी मोट हाकतो म्हनं, वाफं बांधतो म्हनं. आरं, पाणी काय मी कामावर देऊ? मला दुकानदार समजलास? ह्या हिरीवर आजतागायत कुनी पाण्याचा मोबदला दिल्याला न्हाय. मागितलं तर देतो. न्हाय मागितलं तर वाट धर."

रामहरी मान खाली घालून उभा होता. ज्यानं तीन वर्षांत मिठाचा खडा फुकट घेतला नव्हता, तो माणूस मागायला शिकत होता आणि ते शिकणं किती अवघड जात होतं ते प्रयागबाईला दिसत होतं. तिनं नजर दुसरीकडं वळवली. उघड्या माणसाकडं बघू नये तसं तिला वाटलं.

"द्या," रामहरी म्हणाला.

"कोनाला?"

"हरणांना. खोकडांना." तो थांबला. "लांडग्यांना पण. बादशाहभाई, पाणी द्या."

बादशाहनं बैलांना हाक दिली. मोट वर आली, थारोळ्यात पाणी धो धो पडलं आणि त्यानं स्वतःच्या हातानं डबे काठोकाठ भरले. तो कावड घेऊन निघून गेल्यावर बादशाह प्रयागबाईला म्हणाला, "आक्का, रोजच्या तीन खेपा करतंय. दीड कोस यायचं, दीड कोस जायाचं. माझी बायकू बिस्मिल्ला म्हनती, येडं हाय, देऊ नगा, आपला कांदा जळतोय. मी म्हनलं, कांदा दर साल येतोय. आसलं माणूस कवा बघायचं?"

प्रयागबाई पीठ डोक्यावर घेऊन परत निघाली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला ती एकटीच झिऱ्याकडं गेली आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला बोराटीआड बसली. रामहरी आला. त्यानं दोन्ही डबे खड्ड्यात अलगद ओतले, थेंब सांडू न देता, आणि चाळीस पावलं मोजून मागं जाऊन धोंड्याला पाठ लावून बसला. आधी पारवे आले. मग तितर. मग माळाच्या कडेवर पाच हरणं दिसली. हाडांचे सापळे, पण चाल तीच. ती उतरली, रामहरीच्या इतक्या जवळून गेली की त्यानं हात लांब केला असता तर पाठीला लागला असता. त्यानं हात केला नाही. ती पाण्यावर वाकली आणि पाणी ओढून घेण्याचा तो बारीक आवाज प्रयागबाईला बोराटीपर्यंत ऐकू आला.

एकदम हरणांनी माना वर केल्या. ओढ्यातून लांडगीण येत होती. मागं दोन पिल्लं. तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आल्या होत्या. आता पळापळ होणार म्हणून प्रयागबाईनं श्वास धरला. हरणं पळाली नाहीत. बाजूला सरली, दहा-बारा पावलं, आणि उभी राहिली. लांडगिणीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या सकाळी त्या माळावर सगळ्यांचं एकच काम होतं. तिनं पिल्लांना आधी पाजलं. मग स्वतः प्यायली. मग मान वर करून रामहरीकडं पाहिलं, बोराटीकडं पाहिलं, आणि आली तशी निघून गेली.

प्रयागबाईच्या लक्षात आलं, आपल्या मुठीत दगड आहे. सवयीनं कधी उचलला ते कळलं नव्हतं. उभ्या जन्मात तिनं लांडग्यावर दगड उचलला आणि मारला नाही असं झालं नव्हतं. तिनं तो हळूच खाली ठेवला. "बिरोबा," ती पुटपुटली, "हे तू मला दावलंस. माझ्या सासूलाबी न्हाय दावलंस." देवळात नारळ फोडताना, जत्रेत ढोल घुमताना तिला जे वाटायचं त्याहून हे फार मोठं होतं, आणि त्याच्या मधोमध एक चष्मा घातलेलं, लोणी भापकरचं, अर्धपोटी पोरगं बसलं होतं.

जनावरं गेल्यावर ती उठून त्याच्यापाशी गेली. त्याचा सदरा उजव्या खांद्यावर फाटला होता आणि आतला खांदा सोलून निघाला होता. त्यावर माश्या बसत होत्या.

"मला का न्हाय बोललास?" ती म्हणाली. "झिरा माझी मेंढरं कोरडा करत्यात. तुला ठावं हुतं."

"तुम्हाला काय बोलणार, मावशी? दुपारचं पाणी तुमचं. तुम्हीच सांगितलं होतं."

ती वाड्यावर आली. अप्पा मेंढरं मोजत होता. ती म्हणाली, "वाडा हलवायचा. कालव्याकडं."

अप्पा बघतच राहिला. "येड लागलं का तुला? चार दिसांची वाट, मधी पाण्याचा टिपूस न्हाय. आन पोचलो तर बागायतदार काठ्या घिऊन बसल्यात. निम्मी मेंढरं वाटंत पडतील. हितं निदान जगत्यात."

"हितं आपली जगत्यात आन बाकीची समदी मरत्यात. ते पोरगं बी मरंल. खांदा बघ त्याचा."

"ही मेंढरं गेली तर आपल्याजवळ काय हाय गं? घर न्हाय, रान न्हाय."

"पाय हायती. जीभ हाय, मागता येतंय. त्या मुक्या जीवास्नी काय हाय?"

अप्पा तिच्याशी दिवसभर भांडला. दोनशे मेंढरं म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य, तो भांडला यात त्याचं काही चुकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतः जाऊन बोराटीआड बसून आला. न्याहारी झाल्यावर तो उठला आणि मेंढरांच्या जाळीचे खुंटे उपटू लागला.

तिनं मुद्दाम तिसऱ्या दिवशीची, रामहरी दुसऱ्या खेपेला गेलेला असेल अशी वेळ धरली. निरोपाचं तिला जमायचं नाही. घोड्यावर बिऱ्हाड चढलं, कुत्री पुढं झाली, मेंढरं रेटत रेटत माळावर निघाली. अर्धा कोस गेले असतील तेवढ्यात मागून हाक आली. रामहरी पळत येत होता. दुसरी खेप झिऱ्यावर ओतून तो तसाच धावला होता; कावड खांद्यावरच होती, डबे रिकामे, एकमेकांवर आपटत होते. तो आभार मानायला आला असं तिला वाटलं आणि त्याला गप्प करायला चार शब्द तिनं तयारच ठेवले.

तो तिच्यापुढं येऊन उभा राहिला. त्याला बोलता येईना इतका दम लागला होता.

"मावशी, जाऊ नका." कचेरीतली, पुस्तकातली भाषा कुठं गळून पडली होती, लोणीचा पोर बोलत होता. "मी आनखी एक खेप करतो. दोन करतो. तुमची मेंढरं पिऊ द्या झिऱ्यावर. तुमी जाऊ नका."

"आरं, खांदा बघ तुजा. किती खेपा करशील?"

"दुखत न्हाय तो." मग त्यानं चष्मा काढला. डोळे लाल झाले होते. "तुमी गेल्यावर मी एकटा पडंन की वो हितं."

जिथं माणूस नाही अशी जागा शोधत हा पोरगा घरदार टाकून आला होता, आणि आज तोच प्रयागबाईची वाट अडवून उभा होता. त्याला छातीशी धरावं, वाडा इथंच टाकावा, जे होईल ते होईल, असं तिला वाटलं. तिनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"मग चल आमच्यासंगं," ती म्हणाली. "माझ्या पोटचा म्हणून ऱ्हा. फुकाट भाकरी घालीन, लेंड्या गोळा करू देनार न्हाय."

तो हसला. मग मान वळवून झिऱ्याच्या दिशेनं पाहिलं. तिनंही पाहिलं. इथून काही दिसत नव्हतं, नुसता तापलेला माळ होता. पण संध्याकाळ व्हायला चार तास होते, खड्ड्यात दोन डब्यांपुरतंच पाणी होतं, आणि तिसरी खेप व्हायची होती.

"तुला बी जमायचं न्हाय आन मला बी जमायचं न्हाय," प्रयागबाई म्हणाली. "जा. दिस कलला."

तिनं घोड्याचा कासरा ओढला. पुढच्या चार दिवसांत तिची त्र्याऐंशी मेंढरं वाटेत पडायची होती, आणि किती पडतील याचा अंदाज तिला तेव्हाही होता. थोड्या वेळानं मागं डब्यांचा आवाज सुरू झाला आणि वरकुट्याकडं लांब लांब जाऊ लागला. ती वळली नाही. ती वळली असती तर थांबली असती, आणि ती थांबली असती तर दोनशे मेंढरं तिच्यामागं पाण्याकडं परत फिरली असती.